सोंग उतरेपर्यंत

हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पिकलं की आधी वास येतो आणि मग रंग दिसतो. सकाळी मागच्या दारी उभं राहिलं की भाताच्या कुणग्यांतून वर येणारा तो कोंदट गोड वास, त्यात थोडं ओलं गवत, थोडं नुकतं सारवलेलं खळं. दुपारी कातळ असा तापतो की चपलेतसुद्धा तळवा चटकतो, आणि उन्हं कलली की सगळं एकदम गार पडतं. मुंबईहून माझा मुलगा फोन करतो. म्हणतो, आई, आत्ता तिकडे काय सुंदर असेल. असेल बाबा. सुंदर आहेच. पण या दिवसांत मी घरात जरा सांभाळून वावरते. का ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी फटकळ बाई म्हणून गावभर प्रसिद्ध. भुताखेतांच्या गोष्टी सांगायला बसलेल्या बायकांना मीच उठवून कामाला लावायची. आता मीच असलं काही सांगितलं तर म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणोत.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. घर जयगडच्या खाडीवर, चढावाला. खाली खाडी, मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, वर आमचं खळं. पाखाडी कोणी चढायला लागलं की पडवीत चाहूल लागते. बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी, मासेवालीची तर टोपलीसकट ओळखू येते. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वयनी म्हणायची. वयनींचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, लढाईच्या दिवसांत मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले ते परत आले नव्हते. बोट बुडाली असं सांगणारे होते, कुठल्याशा परक्या बंदरात ते उतरले असं सांगणारेही होते. कागद मात्र कसलाच आला नव्हता.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरात फोटोही नव्हता. मला ठाऊक होता तो त्यांचा कोट. पडवीतल्या खुंटीवर टांगलेला, जाड, काळा, पितळी बटणांचा. त्या कोटासमोरून जाताना सासूबाई मला डोक्यावरून पदर घ्यायला लावायच्या. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने उघड्या डोक्याने जायचं नाही ही रीत, आणि दीर नाही तर त्याचा कोट तरी आहे ना, असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं. पण घ्यायची पदर. नव्या सुनेला दुसरं काय करता येतं?

वयनींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. लावणी असो की कापणी, त्यांचे हात किणकिणत असायचे. पण नाहीशा झालेल्या माणसाची आमच्याकडे बारा वर्षं वाट बघायची. बारा भरली की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोने कुंकू पुसायचं. मी सांगते आहे त्या कापणीला बारा वर्षं भरायला एक वर्ष उरलं होतं. घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. वयनी मात्र भाताच्या मोसमांवर मोजायच्या. एक भात राहिलं, असं एकदा मुसळ हातात धरून माझ्याकडे न बघता म्हणाल्या होत्या.

मी सातवी पास झालेली. दुपारच्या वेळी वाचनालयातली पुस्तकं आणून ओटीवर मोठ्याने वाचायची. त्यात एक कादंबरी आली, आमच्यासारख्याच एका खाडीकाठच्या गावाची. तिच्यात खलाशाची बायको होती. गाव पुतळा जाळतं, ती कुंकू पुसते, दिवस काढते. शेवटच्या प्रकरणात ती भर दुपारी खळ्यात सूप घेऊन भात पाखडत असते आणि पाखाडीवर पावलं वाजतात. ती मागे वळून बघत नाही. जावेला म्हणते, कोण आहे बघ गो. जाऊ बघते आणि एकच शब्द बोलते. आले. मग ती हिरव्या बांगड्या भरते. एवढंच ते प्रकरण. वयनींनी ते माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं, देव जाणे. शेवटी पुस्तक परत करताना मला लाज वाटली, कारण ते तेवढ्याच पानांवर उघडायला लागलं होतं.

आणि त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तशी, त्याच कादंबरीचा सिनेमा काढायला मंडळी मुंबईहून जयगडला उतरली. पडावातून पेट्या आल्या, कॅमेऱ्याची तिकाटणी आली, चंदेरी कागद लावलेल्या मोठमोठ्या पाट्या आल्या. त्या पाट्या धरून उन्हाची तिरीप माणसाच्या तोंडावर टाकायचे. आमच्या गावात एका वेळी दोन दोन उन्हं पडायला लागली आणि माणसांच्या सावल्या कुठेही पळायला लागल्या. गुरं बुजायची. माझी सावली एकदा माझ्या पुढेही होती आणि मागेही होती, तेव्हा मी अंगण झाडायचं टाकून सरळ घरात निघून गेले होते.

त्यांचा डायरेक्टर सरळ माणूस होता. उंच, उन्हाने काळवंडलेला, हातात कादंबरी, तिच्या पानापानाला खुणा. मुंबईहून आणलेली नटी दिसायला चांगली, पण तिने विळा हातात घेतला की बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. लोण्याचे हात. डायरेक्टरची नजर वयनींच्या हातांवर गेली. विळ्याच्या वारांनी भरलेले, बोटं जाड, नखांत माती. तोंड नटीचं आणि हात तुमचे घेतो, म्हणाला. कापणीचे घेतले, पाखडण्याचे घेतले. मग एके दिवशी ओटीवर बसून घुटमळत त्याने विचारलं, तो प्रसंगसुद्धा तुमच्याच हातांवर आणि कपाळावर घेऊ का? कुंकू पुसण्याचा आणि बांगड्यांचा.

सासूबाई उठून आत गेल्या. माझ्या यजमानांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. जिवंत असेल नसेल त्या भावाच्या बायकोने असलं करायचं म्हणजे काय? वयनी मात्र पायाच्या बोटाने जमीन उकरत होत्या.

"शेवटचं प्रकरण पण माझ्याच हातांवर घेणार असाल, तर देते," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, घेणार. हिरव्या बांगड्याही तुम्हीच भरायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आणि जावेचा तो एक शब्द तुम्ही म्हणा, तुमचा आवाज चांगला रोखठोक आहे. मला त्या वेळी वयनींचा राग आला होता. आता कळतं. त्यांना वाटलं होतं, एकदा सगळं क्रमाने करून टाकलं, पुसणंही केलं आणि परत येणंही केलं, तर ते घडेल. दुसरं त्यांच्या हातात होतं तरी काय?

गावाने मात्र आपल्या रीतीने सावधगिरी घेतली. आमच्याकडे शिमग्यात जो सोंग घेतो तो आधी देवीसमोर नारळ ठेवतो आणि खेळ संपला की देवळात येऊनच सोंग उतरवतो. तसा न उतरवता घरी गेला तर सोंग त्याच्या अंगावर राहतं म्हणतात. म्हणून तात्या गुरवांनी वयनींना देवळात नेलं आणि गावासमक्ष गाऱ्हाणं घातलं. हे खरं नव्हे, सोंग आहे, हिला दोष लागू देऊ नको, सिनेमा पुरा झाला की इथे येऊन सोंग उतरवू. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. मीही म्हटलं. सिनेमा पुरा होणार नाही असं कोणाच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. पडावभर सामान आलेलं.

प्रसंग खाडीच्या काठावर घेतला. दर्भाचा पुतळा तात्यांनीच बांधला. खोटा कसा बांधायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून खराच बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, सगळ्या गाठी जागच्या जागी. गर्दी म्हणून आमच्याच वाडीतली माणसं उभी केली होती. सिनेमावाल्यांनी रडा म्हणून सांगायच्या आधीच बायका रडायला लागल्या. पुतळ्याने पेट घेतला. भर दुपार, दोन दोन उन्हं, त्यात तो जाळ दिसतसुद्धा नव्हता, नुसती हवा थरथरताना दिसायची आणि पुतळा आपोआप काळा होत जायचा. मग वयनींनी कुंकू पुसलं आणि दगडावर हात ठेवून बांगड्या वाढवल्या. त्यासाठी मुंबईहून काचेच्या वेगळ्या बांगड्या आणल्या होत्या. पण वयनींनी आपल्या हातातल्या काढल्याच नव्हत्या. अकरा वर्षं जपलेल्या, त्याच. डायरेक्टर झालं झालं म्हणून ओरडला. तरी कोणी जागचं हललं नाही, आणि कॅमेऱ्याची ती घरघर थांबल्यावर खाडी किती गप्प असते ते मला पहिल्यांदा कळलं.

वयनी कुंकू लावायला निघाल्या तर डायरेक्टरच्या हाताखालचा माणूस धावत आला. हात आणि कपाळ असंच ठेवा, शेवटचा प्रसंग होईपर्यंत, नाहीतर मेळ बसणार नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला. शेवटच्या प्रसंगासाठी म्हणून त्याने हिरव्या बांगड्यांची जोडी कागदात गुंडाळून वयनींजवळ देऊन ठेवली. परत येणाऱ्या खलाशासाठी कोट हवा होता, तो आमच्या खुंटीवरचा त्यांना पसंत पडला. वयनींनी स्वतः घडी घालून दिला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. भात उभं असताना येऊ नये तसा पाऊस आला आणि तीन दिवस लागला. कुणगेच्या कुणगे आडवे झाले. ज्या पिवळ्या भातातून सिनेमातला खलाशी चालत यायचा होता, ते भातच राहिलं नाही. मंडळी देवळाच्या धर्मशाळेत बसून राहिली. मग मुंबईहून तार आली, तिकडे काहीतरी बिनसलं होतं. पेट्या पुन्हा पडावात चढल्या. डायरेक्टर वयनींच्या पाया पडला आणि म्हणाला, पुढल्या भाताला येतो. पेटीत कोट गेला.

पुढलं भात आलं. ते आले नाहीत. मी पत्र घातलं, ते पत्त्यावर कोणी नाही असा शिक्का घेऊन परत आलं. त्याच कापणीला बारा वर्षं भरली. सासूबाई म्हणाल्या, आता खरं काय ते करून मोकळे होऊ. पण तात्या गुरव अडले. गावासमक्ष त्या माणसाचा पुतळा जाळून झालाय, म्हणाले, खरा नव्हे हे जितकं खरं, तितकंच माझ्या हाताने बांधलाय हेही खरं. आधीचं सोंग उतरल्याशिवाय दुसरं करायचं कसं? आणि सिनेमा पुरा झाल्याशिवाय सोंग उतरवायचं कसं? आपणच देवीला तसं बोललोय. शेवटी कौल लावायचं ठरलं. देवीच्या ओल्या पाषाणावर फुलांच्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सकाळपासून सगळे बसलो. पाकळ्या सुकल्या, कडा काळ्या पडल्या, पण एकही पडली नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी हात जोडले आणि पुन्हा त्या भानगडीत पडले नाहीत.

म्हणजे वयनी ना सवाष्ण राहिल्या, ना विधवा झाल्या. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे न कळून बायकांनी बोलवायचं सोडलं. वयनी बांगड्या भरत नव्हत्या, कुंकू लावत नव्हत्या. विचारलं तर म्हणायच्या, सिनेमा पुरा व्हायचाय. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात होतं, पण पदराखाली.

आणि दर वर्षी, हळवं भात घरात आलं की, भर दुपारी त्या खळ्यात पाखाडीकडे पाठ करून पाखडायला बसायच्या. दुसऱ्या कोणत्याही दिशेला तोंड करून बसल्या नाहीत कधी. सूप थांबायचं. मान न वळवता त्या म्हणायच्या, कोण आहे बघ गो. मी बघायची आणि म्हणायची, कोणी नाही. खरं तेच सांगायची. सूप पुन्हा सुरू व्हायचं.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगत नव्हते. चाहूल मलाही लागायची. पुरुषाची, जड, एक पाय किंचित ओढत टाकणारी. खालून यायची आणि पाखाडीच्या निम्म्यात थांबायची. मी बघायची तर तापलेल्या पायऱ्या आणि त्यांच्यावर पडलेली पोफळीची झावळी. वानर असेल, म्हणायची मी मनाशी, नारळ गडगडला असेल. वर्षातून एकदा, त्याच दिवसांत, निम्म्यापर्यंत येऊन थांबणारा नारळ. मी भ्यायची, पण कबूल करायची नाही.

सासूबाई गेल्या. माझे यजमान गेले. मुलं मुंबईला गेली. घरात आम्ही दोघी जावा उरलो. वयनींचे हात कापायला लागले. ज्या हातांचा सिनेमा घेतला होता ते आता भाकरीचा तुकडा मोडायलाही दोनदा धडपडायचे. एका कापणीला त्यांनी मला सूप आणायला सांगितलं. मी म्हटलं, कशाला आता, गडी आहेत पाखडायला. तर आण म्हणाल्या. खळ्यात पाट मांडून दिला. चार वेळा पाखडलं असेल, आणि सूप मांडीवर कलंडलं. भात सगळं खळ्यात सांडलं.

"कोण आहे बघ गो," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यात उभी होते. चाहूल मला लागली होती. निम्म्यात थांबली होती, नेहमीसारखी. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या मनगटांवर. पन्नास वर्षं त्या मोकळ्या मनगटांनी पाणी भरलं, माझी बाळंतपणं केली, माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस उठबस केली. आणि आमच्या दोघींमध्ये एकच शब्द अडकून पडला होता, तो म्हणायचं काम माझं होतं, आणि मी खोटं बोलत नाही म्हणून तो म्हटला नव्हता. मला माझीच शरम वाटली. मी पाखाडीकडे बघितलंच नाही.

"आले," मी म्हटलं.

वयनी वळल्या नाहीत. पदर सारखा केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाय धुवायला पाणी दे."

निम्म्यात थांबलेली चाहूल पुढे सुरू झाली. मी आत पळाले असं म्हटलं तरी चालेल. तांब्या भरून आणला, मान खाली घालून सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवला आणि माघारी फिरले. वयनींच्या ट्रंकेतून त्या हिरव्या बांगड्या काढल्या. गुंडाळलेल्या कागदाचा हातात भुगा झाला, बांगड्या मात्र कालच्यासारख्या. त्यांच्या हातांत त्या अलगद चढल्या. कुंकू मीच लावलं. वयनी एवढ्या हसल्या की मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मग तांब्या आणायला गेले. तांब्या रिकामा होता आणि पायरी ओली होती. कुत्र्याने पाडला म्हणावं तर तो उभा होता, मी ठेवला तसाच.

दुसऱ्या दिवशी तात्या गुरवांच्या मुलाला बोलावून देवळात नारळ दिला. सिनेमा पुरा झाला, सोंग उतरलं, असं त्याने गाऱ्हाणं घातलं. कुठला सिनेमा हे त्या बिचाऱ्याला नीटसं माहीतही नव्हतं. वयनी त्यानंतर दोन कापण्या जगल्या, कपाळभर कुंकू लावून. गेल्या तेव्हा मी त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. गावात कुजबूज झाली. होऊ दे झाली तर.

आता घरात मी एकटी. पडवीतली खुंटी रिकामीच आहे. तो कोट मुंबईत कुठल्या तरी पेटीत कसरीने खाऊन संपवला असेल. थोरल्या दिरांना मी कधी पाहिलं नाही, आणि त्या दुपारी मी कोणाला घरात घेतलं ते मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पाखाडीवर आता चाहूल लागत नाही. भात पिवळं पडलं की पडवीतून जाताना मी खुंटीकडे न बघता डोक्यावरून पदर घेते.